खोडलेली ओळ, राखलेली ओळ

लूकच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात क्रुसावर खिळलेला येशू आपल्या मारेकऱ्यांसाठी पित्याकडे क्षमा मागतो. ज्यांनी बायबल कधी हातात धरलेलं नाही, त्यांनाही हे वाक्य ठाऊक असतं. चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘कोडेक्स सिनायटिकस’ या ग्रीक पोथीत लेखनिकाने ते लिहिलं. मग पोथी तपासणाऱ्याने ते गाळावं म्हणून त्यावर खुणा केल्या. पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी, कदाचित आणखी उशिरा, तिसऱ्याच कुणीतरी त्या खुणा रद्द करून वाक्य पुन्हा कायम केलं. अलीकडच्याच 22व्या अध्यायातही हेच घडलंय. अटकेच्या रात्री प्रार्थना करताना येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, ही दोन वचनंही आधी लिहिली, मग वगळली, मग परत घेतली गेली.

एकाच पानावर तीन माणसं तीन मतं मांडून गेली आहेत, आणि तिघांचीही मतं आज वाचता येतात. बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांबद्दल बोलताना सर्वांत जुनी प्रत कोणती, खरी कोणती, यावरच भर दिला जातो. मला त्याहून मोलाची वाटते ती ही खाडाखोड. ग्रंथ एका पिढीकडून दुसरीकडे कसा गेला, ते नितळ पानापेक्षा दुरुस्त केलेलं पान जास्त प्रामाणिकपणे सांगतं.

सिनायटिकसइतक्या दुरुस्त्या दुसऱ्या कुठल्याच प्राचीन बायबल-पोथीत नाहीत. सरासरी काढली तर एका पृष्ठावर तीसेक. त्यातल्या काही मूळ लेखनिकांच्याच आहेत, काही थेट बाराव्या शतकातल्या. मूळ पोथी चौदाशेहून जास्त पृष्ठांची असावी. आज चारशेहून थोडी अधिक चर्मपत्रं उरली आहेत. त्यांत जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराचा निम्मा-अर्धा भाग आहे, नवा करार मात्र संपूर्ण आहे. शिवाय ‘बर्नबाचं पत्र’ आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ ही दोन पुस्तकं त्यात बांधलेली आहेत, जी पुढे बायबलच्या बाहेर राहिली.

पान मोठं आहे, साधारण 38 सेंटिमीटर उंच आणि 34 सेंटिमीटर रुंद. त्यावर चार अरुंद स्तंभ, प्रत्येकात 48 ओळी, आणि एका ओळीत जेमतेम बारा-चौदा अक्षरं. सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, तपकिरी शाईतली, शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहिलेली. ‘देव’, ‘प्रभू’, ‘येशू’ असे शब्द पहिल्या-शेवटच्या अक्षरांत आटोपून वर आडवी रेघ ओढायची, ही ख्रिस्ती लेखनिकांची रीत इथेही आहे. अशा अक्षरांच्या भिंतीवरून नजर घसरली तर नवल नाही. दोन वाक्यांचा शेवट सारखा असेल, तर लेखनिक पहिलं लिहून मान वर करतो, मूळ प्रतीत दुसऱ्याच वाक्याच्या शेवटाशी त्याची नजर टेकते, आणि मधला मजकूर कायमचा सुटतो. पोथ्यांतल्या गळतीचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. त्यामागे कट नसतो, थकवा असतो.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले मिल्न आणि स्कीट यांनी 1938 साली या पोथीचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. अक्षराचं वळण आणि शुद्धलेखनाच्या सवयी यांवरून त्यांनी तीन लेखनिक वेगळे काढले आणि त्यांना ए, बी आणि डी अशी नावं दिली. (आधीच्या अभ्यासकांनी मानलेला सी हा लेखनिक त्यांनी बाद ठरवला.) डीचं शुद्धलेखन तिघांत सर्वांत चांगलं, बीचं सर्वांत वाईट. तोवर ग्रीकमधले अनेक स्वर उच्चारात एक होऊन गेले होते, त्यामुळे कानाला जे ऐकू येई तेच हातून उतरे.

या अभ्यासातली एक जागा तर विसरता येण्यासारखी नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं वचन सांगतं, की येशूने केलेली सगळी कृत्यं लिहून काढली तर ती पुस्तकं जगात मावणार नाहीत. टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताला ते वचन मागाहून घातलेलं असावं असा संशय होता. मिल्न आणि स्कीट यांनी ते पान अतिनील प्रकाशाखाली धरलं. लेखनिक ए एक वचन आधीच थांबला होता. पुस्तक संपलं म्हणून त्याने समाप्तीची नक्षी काढली, खाली ग्रंथाचं नाव लिहिलं. मग बहुधा दुसरी प्रत पाहून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यावर, त्याने ती नक्षी आणि नाव धुऊन काढलं, राहिलेलं वचन लिहिलं आणि समाप्ती पुन्हा नव्याने सजवली. पंडिताची नजर अचूक होती. फक्त वचन मागाहून घालणारा हात परका नव्हता, त्याच लेखनिकाचा होता.

दुसरी जागा एज्राच्या पुस्तकातली. मजकूर चालता चालता मध्येच ‘पहिला इतिहास’ या पुस्तकातली वंशावळ आणि लढाया सुरू होतात. कुठे खूण नाही की खंड नाही. समोरच्या मूळ पोथीची पानं उलटसुलट बांधलेली असणार, आणि लेखनिकाने वाचून न पाहता जशीच्या तशी उतरवली. पुढे एका तपासनिसाच्या ते ध्यानात आलं. त्याने तीन फुल्यांची खूण करून टीप लिहिली, की इथे ती जादा सात पानं संपतात, ती एज्राची नव्हेत. त्याने ती पानं फाडली नाहीत. चुकीची असली तरी ती शास्त्राचीच पानं, म्हणून त्याने वाचणाऱ्याला सावध केलं आणि पुढे गेला. ही वृत्ती मला फार मोठी वाटते.

एज्रा आणि एस्तेर या पुस्तकांच्या शेवटी याहून जास्त सांगणाऱ्या नोंदी आहेत. मूळ लेखनानंतर काही शतकांनी एकाने ही पोथी दुसऱ्या एका अतिप्राचीन प्रतीशी ताडून पाहिली, आणि त्या प्रतीच्या अखेरीस काय लिहिलं होतं तेही इथे उतरवून ठेवलं. ती प्रत पँफिलस या हुतात्म्याच्या हातची होती. पँफिलस पॅलेस्टाइनमधल्या कैसरियाचा. तिथे त्याने ओरिजेन या महापंडिताच्या ग्रंथांचं संग्रहालय जपलं होतं. हिब्रू मजकूर आणि वेगवेगळी ग्रीक भाषांतरं शेजारी शेजारी सहा स्तंभांत मांडणारा ओरिजेनचा ‘हेक्साप्ला’ हा प्रचंड ग्रंथही तिथेच होता. रोमन सत्तेने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा पँफिलस तुरुंगात पडला, आणि 310 सालाच्या सुमारास त्याचा शिरच्छेद झाला. नोंद सांगते, की तुरुंगात असतानाच अँटोनायनस नावाचा सोबती हेक्साप्लाच्या प्रतीवरून मजकूर ताडत होता आणि पँफिलस दुरुस्त्या करत होता. वर असंही म्हटलंय, की त्या प्रतीच्या तोडीची प्रत सहजी मिळणार नाही, आणि ती प्रत नि ही पोथी यांत फरक आढळला तो विशेषनामांपुरता.

मरण दारात उभं असताना ही दोन माणसं मजकूर ताडत आणि दुरुस्त करत बसली होती.

पोथीचा पुढचा प्रवास अनेकांना माहीत आहे, तो थोडक्यात सांगतो. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीनच्या मठातून टिशेनडॉर्फने 1844 साली 43 पानं जर्मनीला नेली, ती आज लाइपझिगच्या विद्यापीठात आहेत. जाळण्यासाठी टोपलीत टाकलेली पानं आपण वाचवली, असं त्याने लिहिलं, आणि मठाने ते कधीच मान्य केलं नाही. 1859 साली रशियाच्या झारच्या पाठिंब्याने तो परत गेला आणि मोठा भाग उसना म्हणून घेऊन आला. परत करण्याचं वचन देणारी पावती मठात आहे. 1869 साली कागदोपत्री ते झारला दान ठरलं. सोव्हिएत सरकारने 1933 साली ती पानं ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकली, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा सर्वसामान्य लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला. 1975 साली मठातच एका बुजलेल्या खोलीत आणखी बारा पानं आणि काही तुकडे सापडले. म्हणजे ती पोथी आज लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाय अशा चार ठिकाणी विखुरलेली आहे. मठाला आपली वस्तू गेल्याचं दुःख आहे, आणि ते रास्त आहे. चारही संस्थांनी एकत्र येऊन 2009 सालापर्यंत सगळ्या पानांची छायाचित्रं संगणकावर खुली केली. तिरप्या प्रकाशातली छायाचित्रंही तिथे आहेत. त्यांत चर्मपत्रावर आखलेल्या रेघा आणि खरवडल्याचे व्रण उठून दिसतात. वर सांगितलेल्या दुरुस्त्या कुणालाही घरबसल्या पाहता येतात.

आता या खाडाखोडीतून उभ्या राहणाऱ्या प्रश्नाकडे वळू. इतके पाठभेद असतील तर मजकुरावर भरवसा कशाचा? हा प्रश्न नवा नाही. ऑक्सफर्डच्या जॉन मिल याने 1707 साली ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली आणि तळटीपांत सुमारे 30,000 पाठभेद नोंदवले, तेव्हा केवढा गहजब झाला. धर्म बुडाला असं काहींना वाटलं, तर धर्मच खोटा म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. जर्मनीतल्या योहान आल्ब्रेख्त बेंगेल या तरुण विद्यार्थ्याची झोप उडाली. पण त्याने प्रश्न टाळला नाही, आयुष्य त्यात घातलं. 1734 साली त्याने स्वतःची आवृत्ती काढली. कठीण पाठ आणि सोपा पाठ समोर असतील तर कठीण पाठ जुना मानावा, हे सूत्र त्याचंच. कारण लेखनिक अवघड मजकूर सोपा करतो, सोपा मजकूर मुद्दाम अवघड करत नाही. आज नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितं नोंदलेली आहेत. त्यांतले बहुतेक फरक शुद्धलेखनाचे, शब्दांच्या क्रमाचे आहेत. प्रती जितक्या जास्त, तितके फरक जास्त, पण ते ओळखण्याची साधनंही तितकीच जास्त.

तरी काही ठिकाणं खरोखर जड आहेत. सिनायटिकस आणि व्हॅटिकनमधली तिची समकालीन पोथी या दोहोंत मार्कचं शुभवर्तमान रिकाम्या थडग्यापाशी थांबतं. घाबरलेल्या स्त्रिया कुणाला काही न सांगता पळून जातात, एवढंच. पुनरुत्थित येशूच्या दर्शनाची बारा वचनं तिथे नाहीत. सिनायटिकसमध्ये मार्कचा शेवट आणि लूकचा आरंभ ज्या जोडपानावर आहे, ते लेखनिक डीने नव्याने लिहून बसवलेलं आहे. आजूबाजूची पानं एची आहेत. आधीच्या पानात खाडाखोडीने निभावणार नाही इतकं काहीतरी बिघडलं असावं. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्टही दोन्ही पोथ्यांत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात ती आढळणारी सर्वांत जुनी ग्रीक पोथी पाचव्या शतकाच्या सुमाराची, कोडेक्स बेझे.

या जागा छापील आवृत्त्यांत दुहेरी कंसांत येतात, आणि तेच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. ग्रंथकाराच्या लेखणीतून आलेलं नसेल, पण लोकांनी शतकानुशतकं जपलेलं आहे. दोन्ही गोष्टी वाचकाला कळायला हव्यात. सुरुवातीला सांगितलेली क्षमेची प्रार्थनाही त्याच कंसांत आहे. साधारणपणे तिसऱ्या शतकातला मानला जाणारा, लूक आणि योहान असलेला एक पपायरस आणि व्हॅटिकनची पोथी, दोन्हींत ती नाही. ती नंतर आली असं अनेकांना वाटतं. येशूच्या मारेकऱ्यांना माफी नको, या यहुदीद्वेषातून कुणीतरी ती काढली, असं इतर म्हणतात. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं. पण सिनायटिकसच्या तपासनिसाला दोष द्यावासा वाटत नाही, त्याच्या समोरच्या प्रतीत ती नसणार.

प्रती मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात, असं या शास्त्रात मानतात. एकाच चुकीच्या प्रतीवरून शंभर नकला झाल्या तरी साक्षीदार एकच. 1959 साली कुर्ट आलांड यांनी जर्मनीतल्या म्युन्स्टरला उभारलेली संस्था आता संगणकाच्या मदतीने प्रत्येक पाठ कशातून उपजला असावा याची वंशावळ मांडते. तिथले संशोधक लेखकाच्या हातची प्रत सापडल्याचा दावा करत नाहीत. आज उपलब्ध असलेली सगळी परंपरा ज्या मजकुरापासून सुरू झाली, त्या आरंभीच्या मजकुरापर्यंत पोचायचं, एवढंच ते म्हणतात.

हे वाचताना पुण्यातल्या वाचकाला विष्णु सीताराम सुखटणकर आठवावेत. बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या सुखटणकरांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची घडी बसवली. ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडलेली युरोपची पाठचिकित्सेची पद्धत त्यांना पुरती ठाऊक होती, आणि ती महाभारताला जशीच्या तशी लागू पडणार नाही हेही त्यांनी 1933 सालच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट मांडलं. व्यासांची मूळ प्रत असं काही हाती लागणार नाही. हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता येईल, तिथवर जायचं. त्याच न्यायाने, गणपतीने लेखनिक होऊन महाभारत लिहून घेतल्याची सर्वांना लाडकी कथा मुख्य मजकुरातून परिशिष्टात गेली. ती टाकून दिली नाही. आधार कुठल्या प्रतींचा आहे ते नोंदवून राखली. म्युन्स्टरच्या संशोधकांनी नंतर आपलं उद्दिष्ट जसं मांडलं, तसंच सुखटणकरांनी त्याआधी कित्येक वर्षं मांडलं होतं, आणि आपल्याकडे याची जेवढी जाण हवी तेवढी नाही.

नव्या कराराच्या मोठ्या चिकित्सक आवृत्तीत लहान पत्रांचे खंड झाले, ‘प्रेषितांची कृत्ये’ 2017 साली आलं आणि मार्कचा खंड 2021 साली. योहानाच्या शुभवर्तमानावर बर्मिंगहॅम आणि वुपरटाल इथे काम चालू आहे. लेखनिक ए जिथे चुकून थांबला आणि पुन्हा बसून एक वचन लिहिता झाला, त्याच पुस्तकाच्या प्रती तिथे ओळीने ताडल्या जात आहेत.