शिंतो मंदिरातील बुद्धाची जागा

जपानचे नाव निघाले की आपल्या समाजबांधवांच्या डोळ्यांसमोर बुद्धमूर्ती उभी राहते. परंतु शिंतो हा त्या देशाचा स्वतःचा देवधर्म आहे, आणि हे दोन्ही धर्म हजार वर्षे एकाच अंगणात नांदले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. टोकियोजवळच्या कामाकुरा येथील त्सुरुगाओका हाचिमानगू मंदिर म्हणूनच पाहावे.

मिनामोतो योरियोशीने १०६३ साली स्थापन केलेले हे मंदिर योरितोमोने ११८० मध्ये आजच्या जागी आणले. समुद्राकडून सरळ रस्ता येतो, त्यावर तोरणासारख्या तीन कमानी आहेत. आत पाण्याचे कुंड असते. पळीने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. ६१ पायऱ्या चढून देवापुढे दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचे. बुद्धविहारात मात्र टाळी नाही, नुसते हात जोडायचे. विद्यार्थ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पायऱ्यांशेजारचा पुरातन गिंको वृक्ष मार्च २०१० मध्ये वाऱ्याने उन्मळून पडला. बुंध्याला पुढे पालवी फुटली.

येथील देव हाचिमान. आठव्या शतकात त्याला ‘महाबोधिसत्त्व’ ही पदवी मिळाली. बोधिसत्त्व हा शब्द आपल्याला परका नाही. एका युद्धदेवतेला तो लावलेला पाहून आम्हांस प्रथम आश्चर्यच वाटले. आवारात मोठा पॅगोडा होता, द्वारपालांचा दरवाजा होता, धर्मग्रंथांचे दालन होते. सूत्रपठण करणारे भिक्खू येथेच राहत.

१८६८ मध्ये मेजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. आम्ही बँकेत एका खात्याची दोन करतो तेव्हा निदान शिल्लक तरी जुळवतो. येथे तसे काही झाले नाही. हुकूम वेगळे करण्याचा होता, मोडण्याचा नव्हे. तरी १८७० मध्ये पॅगोडासह बौद्ध वास्तू पाडल्या गेल्या. भिक्खूंनी चीवर उतरवले व ते शिंतो पुरोहित झाले. ‘महाबोधिसत्त्व’ पदवीवरही बंदी आली. त्यासाठी बाहेरचा शत्रू लागला नाही, सरकारी कागद पुरला.

तो पॅगोडा आता फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात टिपलेल्या चित्रांतच दिसतो. दोन द्वारपाल जवळच्या जुफुकु-जी विहारात गेले. आयझेन म्योओची मूर्ती टोकियोच्या गोतो संग्रहालयात आहे.