६,८६७ : सावर्ड्यातून वाचलेला विधानसभेचा निकाल

नोव्हेंबर २०२४ मध्ये लागलेला विधानसभेचा निकाल एका शब्दात सांगायची सोय होती आणि सगळ्यांनी ती वापरली : लाट. २८८ पैकी महायुतीत भाजप १३२, एकनाथ शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदावर हक्क सांगायला लागणारा २९चा आकडा विरोधकांतल्या एकाही पक्षाला गाठता आला नाही. राज्यात ४,१३६ उमेदवार रिंगणात होते आणि मतदान ६६ टक्क्यांवर गेलं. इतक्या स्पष्ट निकालानंतर विश्लेषकाला फारसं काम उरत नाही.

सावर्ड्यात मात्र ते उरतं. चिपळूण मतदारसंघातलं हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कोकण रेल्वेचं स्टेशनही इथे आहे. कात करणाऱ्यांचं गाव म्हणून त्याची जुनी ओळख. इथले आमदार शेखर निकम लाटेच्या बाजूचे. अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, घड्याळावर, महायुतीतून ते लढले आणि ६,८६७ मतांनी निवडून आले. त्याच्या पाच वर्षं आधी, २०१९ मध्ये, विरोधी आघाडीत असताना आणि वारं उलटं असताना तेच निकम २९,९२४ मतांनी निवडून आले होते. म्हणजे वारं पाठीमागून वाहू लागलं आणि मताधिक्य चौथ्या हिश्श्याच्याही खाली आलं. लाटेच्या भाषेत हे बसत नाही. कोकणातल्या निवडणुकीचं बरंचसं असं असतं. ती वाचायला राज्याचा नकाशा पुरत नाही, वाडीपर्यंत उतरावं लागतं.

सावर्ड्याचं राजकारण प्रचार कार्यालयात सुरू झालं नाही, ते शाळेत सुरू झालं. शेखर निकम यांचे वडील गोविंदराव निकम यांनी इथे सह्याद्री शिक्षण संस्था उभी केली. शाळा, महाविद्यालयं, कला महाविद्यालय, कृषी महाविद्यालय असा तिचा पसारा वाढत गेला. पोराला पुढे शिकवायचं तर मुंबईला काकाच्या खोलीत पाठवायचं, एवढाच पर्याय असलेल्या मुलखात ही मोठी गोष्ट होती. रत्नागिरी मतदारसंघाने १९८९ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा गोविंदरावांना काँग्रेसचे खासदार म्हणून लोकसभेत पाठवलं. ती वर्षं लक्षात घेण्यासारखी आहेत. त्याच सुमारास मुंबईतल्या शाखांमधून शिवसेना कोकणात उतरत होती. १९८९ मध्ये तिला धनुष्यबाण हे चिन्ह मिळालं आणि १९९० मध्ये तिचे ५२ आमदार निवडून आले. गिरणगावातला पोरगा गणपतीला गावी यायचा तो शाखेची भाषा घेऊनच. अशा दिवसांत काँग्रेसचा माणूस इथून दोनदा दिल्लीला गेला, यात पक्षापेक्षा संस्थेचं बळ जास्त होतं, असं मला वाटतं. १९९६ मध्ये ही जागा शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडे गेली आणि मतदारसंघाची फेररचना होईपर्यंत तिथेच राहिली.

त्याआधीचा इतिहास पाहिला तर रत्नागिरी कुणा एका पक्षाची कधीच नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत, १९५७ मध्ये, इथून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले, तर शेजारच्या राजापुरातून समाजवादी नाथ पै. पुढे दोन वेळा काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, मग शांताराम पेजे, १९७७ आणि १९८० मध्ये बापूसाहेब परुळेकर, १९८४ मध्ये हुसेन दलवाई. विधानसभेतही तसंच. 'सागर' दैनिकाचे संपादक निशिकांत जोशी चिपळूणचे आमदार होते. कोकणी मतदार निष्ठावान असतो हे वाक्य इतक्यांदा छापून आलं आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. तो निष्ठावान आहेच, पण बहुतेक वेळा माणसाशी. चिन्ह त्या माणसामागून येतं.

याचा सगळ्यात ठळक नमुना सावर्ड्याजवळच्या तुरंबवचे भास्कर जाधव. १९९५ आणि १९९९ मध्ये शिवसेनेचे चिपळूणचे आमदार. २००४ मध्ये पक्षाने तिकीट कापलं, तेव्हा अपक्ष लढले आणि पडले; राष्ट्रवादीचे रमेश कदम निवडून आले. मग जाधव स्वतः राष्ट्रवादीत गेले आणि २००९ मध्ये गुहागरातून त्यांनी थेट रामदास कदमांना, म्हणजे तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्याला पाडलं. त्या वेळी युतीतली ती परंपरागत भाजपची जागा शिवसेनेने घेतली म्हणून भाजपचे डॉ. विनय नातू बंडखोरी करून उभे होते, हेही विसरून चालणार नाही. २०१४ मध्ये जाधव पुन्हा घड्याळावर, २०१९ मध्ये पुन्हा धनुष्यबाणावर, २०२४ मध्ये ठाकरे यांच्या मशालीवर. चिन्हं तीन, गुहागरचे निकाल चार, आमदार एकच. २०२४ मध्ये मात्र त्यांचीही दमछाक झाली. शिंदे यांच्या शिवसेनेचे, कुणबी समाजातले राजेश बेंडल यांना ६८,४११ मतं पडली, जाधवांना ७१,२४१. फरक २,८३०. कुणबी समाजाची मतं एकगठ्ठा पडली तर काय होतं, याची चुणूक त्या आकड्यात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आठ जागांपैकी ठाकरे यांच्या पक्षाकडे राहिलेली ही एकच.

आता चिपळूणकडे परत येऊ, कारण उत्तर तिथल्या तीन निवडणुकांत आहे.

२००८च्या फेररचनेत संगमेश्वर मतदारसंघ गेला आणि देवरुखकडचा बराचसा भाग चिपळूणला जोडला गेला. सावर्डे त्यामुळे एकाएकी दोन तालुक्यांच्या मधोमध आलं. २००९ मध्ये शिवसेनेचे सदानंद चव्हाण निवडून आले. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही मोडल्या, चारही पक्ष वेगळे लढले, आणि चव्हाणांना ७५,६९५, तर शेखर निकमांना ६९,६२७ मतं मिळाली. सहा हजारांनी पडलेला उमेदवार कोकणात सहसा पुन्हा उभा राहतो, पण मधल्या पाच वर्षांत त्याने काय केलं यावर सगळं ठरतं. निकम वाड्यावाड्यांवर फिरत राहिले. त्यांना मतदारसंघात आजही आमदारापेक्षा 'शेखर सर' म्हणतात. संस्थेत शिकलेल्याला वा तिथे नोकरी करणाऱ्याला ते सरच, आणि ती नाती प्रचारात आपोआप कामाला येतात.

मग २०१९. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं घरांसकट वाहून गेली. धरणाच्या गळतीबद्दल गावाने आधीच तक्रारी केल्या होत्या. ऑक्टोबरात मतदान झालं तेव्हा तो राग ताजा होता. निकमांना १,०१,५७८ मतं मिळाली, चव्हाणांना ७१,६५४. जिल्ह्यातल्या बाकी चारही जागा शिवसेनेने जिंकल्या; चिपळूण तेवढं निसटलं.

२०२४ची बेरीज-वजाबाकी इथून करायची. निकमांची मतं १,०१,५७८ वरून ९६,५५५ वर आली, म्हणजे घट जेमतेम पाच हजारांची. समोरची मतं मात्र ७१,६५४ वरून ८९,६८८ वर गेली, वाढ अठरा हजारांची. म्हणजे निकमांनी आपला माणूस फारसा गमावला नाही. समोरच्याला नवा माणूस मिळाला. हा समोरचा प्रशांत यादव, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा उमेदवार, तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह. काँग्रेसमधून आलेले, वाशिष्ठी डेअरीमुळे गावोगाव ठाऊक झालेले. एका बाजूला शिक्षण संस्था आणि दुसऱ्या बाजूला दूध संकलन : चिपळूणची लढत या दोन जाळ्यांमधली होती, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. कॉलेजची ओळख पिढीतून एकदा होते. दुधाचा हिशेब दर काही दिवसांनी होतो.

दुसरं कारण त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये सापडतं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेत महायुतीचे नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले, पण ते सिंधुदुर्गातल्या तीन मतदारसंघांच्या जोरावर. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही ठिकाणी ठाकरे यांच्या शिवसेनेचे विनायक राऊत पुढे होते. म्हणजे चिपळुणात महायुतीच्या उमेदवाराला पाच महिन्यांत आधी ती पिछाडी भरून काढायची होती, मग पुढे जायचं होतं. लाडकी बहीण योजना जुलैपासून सुरू झालेली, दरमहा १,५०० रुपये खात्यात येत होते. तिचा वाटा राज्यभर होता तसा इथेही असणार. पण ती एकटीच कारण असती तर चिपळूणचा आकडाही शेजाऱ्यांसारखा फुगला असता. शेजारी काय झालं पाहा : रत्नागिरीत उदय सामंत ४१,५९० मतांनी, दापोलीत योगेश कदम २४,०९३ मतांनी, राजापुरात किरण सामंत १९,६७७ मतांनी. कणकवलीत नितेश राणे ५८,००७ मतांनी. चिपळूण या यादीत उपरं वाटतं. त्याच्या सगळ्यात जवळचं कुडाळ : तिथे निलेश राणे यांनी ठाकरे यांच्या शिवसेनेचे वैभव नाईक यांना ८,१७६ मतांनी हरवलं.

चिपळूणकर आणखी एक हिशेब मागत होते, पुराचा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात घुसलं आणि बाजारपेठ बुडाली. त्यानंतर गाळ काढण्यासाठी लोकांना उपोषणाला बसावं लागलं, पूररेषेच्या लाल-निळ्या रेघांवरून घरं-दुकानं अडली. या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हती. महामार्गाचंही तेच. चौपदरीकरणाची तारीख ऐकून ऐकून सावर्डेकर इतके तयार झाले आहेत की नवी तारीख आली की ते फक्त वर्ष विचारतात.

रत्नागिरीचा निकाल एकतर्फी, म्हणून त्यावर कुणी थांबलं नाही. पण तिथली जोडी थांबावं अशी आहे. उदय सामंत आणि बाळ माने २००४, २००९, २०१४ आणि २०२४ अशा चार वेळा समोरासमोर आले आणि चारही वेळा सामंत जिंकले. त्यांचं चिन्ह आधी घड्याळ, मग धनुष्यबाण. माने तीनदा कमळावर लढले आणि चौथ्यांदा मशालीवर. एखाद्या गावात दोन घरांचा बांधाचा वाद असावा तशी ही लढत पक्षांच्या पलीकडची झाली आहे.

उमेदवारांची नावं वाचताना एक जुना डाव आठवतो. २०१४च्या लोकसभेला रायगडात, म्हणजे आपले दापोली आणि गुहागर ज्यात येतात त्या मतदारसंघात, अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं; आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. २०२४ मध्ये साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे लोकसभेला ३२,७७१ मतांनी पडले, तर पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं मिळाली. तुतारी आणि पिपाणी यांत यंत्रावरच्या बारीक चित्रात फरक करणं सोपं नव्हतं. घड्याळाचीही गोष्ट सरळ नव्हती : चिन्हाचा वाद न्यायालयात आहे, हे जाहिरातीत छापायची अट अजित पवारांच्या पक्षावर होती. चिपळुणात या दोन्ही चिन्हांची थेट गाठ पडली. वयस्कर मतदाराला 'घड्याळ म्हणजे पवारसाहेब' एवढंच पंचवीस वर्षं माहीत होतं. त्याला साहेब आता तुतारीवर आहेत हे समजावण्यात कार्यकर्त्यांचे किती दिवस गेले असतील!

कोकणातल्या निवडणुकीचा निम्मा प्रचार मुंबईत होतो, हेही लिहायला हवं. वाडीचं मुंबई मंडळ, त्याचा अध्यक्ष, लालबाग-परळपासून आता नालासोपारा-बदलापूरपर्यंत पसरलेले चाकरमानी. यादीत नाव गावाला आणि राहणं मुंबईत, अशांची संख्या प्रत्येक वाडीत असते. शिमग्याला आणि गणपतीला जसे ते येतात तसे मतदानालाही येतील का, यावर बूथचा अंदाज ठरतो. २० नोव्हेंबर हा बुधवार होता आणि भात घरात येऊन पडलं होतं. गावचा माणूस मोकळा होता. साकव, पाखाडी, वाडीचा रस्ता, सभामंडप यांच्या यादीवर बैठकी होतात आणि वाडी शक्यतो एका बाजूने जाते. म्हणून इथे मतमोजणीची फेरी आटोपली की जाणकार पक्षांची नव्हे, गावांची नावं घेतो : अमुक गाव फिरलं, तमुक टिकलं.

निकालानंतरच्या वर्षाने सगळ्यात बोलका आढावा स्वतःच लिहिला. राजापुरात पडलेले ठाकरे यांच्या पक्षाचे राजन साळवी फेब्रुवारी २०२५ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, म्हणजे ज्यांनी पाडलं त्यांच्याच पक्षात. मार्चमध्ये दापोलीचे संजय कदम त्याच वाटेने गेले. ऑगस्टमध्ये प्रशांत यादव भाजपमध्ये दाखल झाले. टीका करणारे याला निव्वळ संधिसाधूपणा म्हणतात. तो आहेच, पण पडलेल्या उमेदवाराच्या मागे जी साठ, ऐंशी, नव्वद हजार मतं असतात, त्यांतल्या वाड्यांना पाच वर्षं निधीशिवाय ठेवता येत नाही, हा दबावही खरा आहे. उमेदवार गेला नाही तर त्याचे सरपंच जातात.

यामुळे २०२५ मध्ये चिपळुणात विचित्र स्थिती झाली. ९६,५५५ मतं घेतलेला आणि ८९,६८८ मतं घेतलेला, दोघेही महायुतीत. दोघांची मिळून १,८६,२४३ मतं एका बाजूला आणि समोर लढायला नाव सापडत नव्हतं. विरोध संपला असा याचा अर्थ कुणी काढू नये, तो आत गेला. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवर मार्च २०२२ पासून प्रशासक होते, चिपळूण नगरपालिकेवर त्याच्याही आधीपासून. या निवडणुका घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ३१ जानेवारी २०२६ ही मुदत घालून दिली होती. गट-गणांची आरक्षणं जाहीर होत होती आणि महायुतीतल्या तीन पक्षांचे इच्छुक एकाच गटासाठी तीन वेगवेगळ्या दारांत उभे होते. घड्याळाचा कार्यकर्ता म्हणत होता जागा आमदाराची, कमळाचा म्हणत होता मतं आमच्या भाऊंची, धनुष्यबाणाचा म्हणत होता आमचं गाव पहिल्यापासून शिवसेनेचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकमेकांविरुद्ध बूथवर बसलेले पोलिंग एजंट आता एकाच बैठकीचा चहा पीत होते, आणि तिकीट कुणाला यावर त्यांचं जमत नव्हतं.