वर्दी आणि श्रद्धा : पस्तिसावी पायरी

धर्माचं कारण देऊन सक्तीच्या कोविड लशीतून सवलत मागणाऱ्या अमेरिकन नौसैनिकांच्या खटल्यात गेल्या आठवड्यात आपण टेक्सासच्या न्यायालयापर्यंत आलो होतो आणि आज थेट सर्वोच्च न्यायालयात जायचं ठरलं होतं. ते आठवडाभर लांबणीवर टाकतो. साताऱ्याहून एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं आहे आणि त्यांच्या प्रश्नाला बगल देऊन पुढे सरकणं मला पटत नाही. ते लिहितात : "आम्ही भरती झालो तेव्हा बनियनवर रांगेत उभं केलं आणि दोन्ही दंडांत सुया टोचल्या. कसल्या, ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. तुमच्या त्या अमेरिकन नौसैनिकांनीही भरतीच्या वेळी लशी घेतल्याच असणार. तेव्हा धर्म आडवा आला नाही, मग कोविडच्या लशीलाच कसा आला?"

प्रश्न बिनतोड आहे. किती बिनतोड, ते सुभेदारसाहेबांनाही कदाचित ठाऊक नसेल.

नौसैनिकांच्या आक्षेपांपैकी पहिला गर्भपाताशी निगडित होता, हे नियमित वाचकांना आठवत असेलच. लशीत गर्भाच्या पेशी नसतात. पण फायझर आणि मॉडर्नाने लशीच्या चाचणीत एचईके-293 ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, वापरली होती. 1970च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत, गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून ती तयार झाली. म्हणजे संबंध आला तो तपासणीपुरता. जॉन्सन अँड जॉन्सनची लस मात्र पीईआर.सी6 या दुसऱ्या गर्भपेशींवरच वाढवली जायची.

आता अमेरिकेच्या भरती प्रशिक्षण केंद्रात चला. तिथे नव्या रिक्रूटला दोन गोळ्या देतात, एक पांढरी आणि एक फिकट पीच रंगाची. चावायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत, अख्ख्या गिळायच्या. ही अॅडिनोव्हायरसच्या 4 आणि 7 क्रमांकाच्या प्रकारांवरची लस. गोळीच्या पोटात जिवंत विषाणू असतो. वरचं आवरण जठरात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. श्वासातून गेला तर तापाने आडवा करणारा हा विषाणू आतड्यात उतरला की आजार न देता प्रतिकारशक्ती देतो. ही लस सामान्य नागरिकांसाठी नाही, फक्त सैन्यासाठी आहे. 1971पासून ती सरसकट दिली जात होती. 1996 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, 1999 मध्ये साठा संपला आणि बराकींत तापाच्या आणि न्यूमोनियाच्या साथी परतल्या. काही तरुण रिक्रूट दगावले. 2011 मध्ये नव्या उत्पादकाकडून गोळ्या पुन्हा आल्या. लसीकरणाच्या साऱ्या इतिहासात मला इतकी आवडणारी गोष्ट दुसरी नाही : लस थांबली, रोग आला, लस आली, रोग हटला.

या गोळ्यांतला विषाणू डब्ल्यूआय-38 या पेशींवर वाढवतात. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1962 मध्ये ही सेल लाइन तयार केली, स्वीडनमध्ये गर्भपात झालेल्या एका गर्भाच्या फुप्फुसापासून. रुबेलाची लसही याच पेशींवर बनते. म्हणजे फायझरच्या लशीपेक्षा या गोळीचा गर्भपाताशी असलेला संबंध कितीतरी जवळचा. सुभेदारसाहेबांनी बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागी.

मग अर्ज तिथेच निकालात निघायला हवे होते का? अमेरिकन कायद्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते पचायला जड आहे. 1981चा थॉमस खटला पाहा. यहोवाज विटनेस पंथाचा हा कामगार पोलाद ओतण्याच्या कारखान्यात होता. त्याची बदली रणगाड्यांचे टरेट बनवणाऱ्या विभागात झाली तेव्हा धर्माचं कारण देऊन त्याने नोकरी सोडली आणि बेकारी भत्ता मागितला. पुढे रणगाड्याला लागणारं कच्चं पोलाद बनवायला मात्र त्याची हरकत नव्हती! त्याच्याच पंथाच्या एका सहकाऱ्याला टरेटच्या कामात काही वावगं दिसत नव्हतं. तरी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. रेघ कुठे ओढायची ते त्याने ठरवलं, ती तर्काला धरून आहे का हे न्यायालयाने तपासायचं नाही. तपासायचं ते एवढंच, की माणूस मनापासून बोलतो आहे का.

सैन्यात हे तपासायचं काम चॅप्लेनकडे, म्हणजे लष्करी धर्मगुरूकडे असतं. अर्जदाराला समोर बसवून तो बोलतं करतो आणि अहवाल लिहितो. अर्जदाराचं म्हणणं त्याला पटलंच पाहिजे असं नाही. कॅथलिकांच्या बाबतीत तर पेच अवघड होता. डिसेंबर 2020 मध्येच व्हॅटिकनने या लशी घेणं नैतिकदृष्ट्या चालेल असं सांगितलं होतं. अमेरिकी लष्करातल्या कॅथलिकांचे आर्चबिशप टिमोथी ब्रॉग्लिओ यांनीही ते मान्य केलं, पण ऑक्टोबर 2021 मध्ये हेही म्हटलं, की सदसद्विवेकाविरुद्ध कुणावर सक्ती होऊ नये.

श्रद्धा खरी ठरली म्हणजे सवलत मिळालीच, असंही नाही. 1993च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार सरकारला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : आपलं कारण अत्यंत निकडीचं आहे, आणि या माणसाच्या श्रद्धेला कमी धक्का लावणारा दुसरा मार्ग नाही. माझ्या मते नौदलाकडे पहिल्या प्रश्नाचं भक्कम उत्तर होतं. 2020 च्या मार्चमध्ये थिओडोर रूझवेल्ट ही विमानवाहू नौका साथीमुळे ग्वामला नांगरून ठेवावी लागली. जवळपास 4,900 जणांपैकी 1,200हून अधिक बाधित झाले आणि एक नौसैनिक गेला. लस घ्यायलाच हवी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

दुसरा प्रश्न मात्र माणसागणिक विचारायचा असतो, आणि नौदल तिथेच घसरलं. अर्ज निकाली काढायच्या त्यांच्या कार्यपद्धतीत 50 पायऱ्या होत्या. पहिल्या 15 पायऱ्यांत, आधीच छापून ठेवलेल्या नकाराच्या पत्रात अर्जदाराचं नाव आणि हुद्दा भरायचा. मग ते पत्र सात कार्यालयांत फिरवायचं, इतर नकारांबरोबर गठ्ठा बांधायचा, व्हाइस अॅडमिरलच्या सहीसाठी टिपण तयार करायचं. आणि अर्ज वाचायचा तो पस्तिसाव्या पायरीवर, तिथे पहिल्यांदा! टेक्सासच्या त्या न्यायालयाचे न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी 3 जानेवारी 2022च्या आदेशात या साऱ्याला नाटक म्हटलं. या न्यायाधीशांचे बरेच निकाल मला पटत नाहीत, हा शब्द पटतो. हा दोष एकट्या नौदलाचा नव्हता. संरक्षण खात्याच्याच प्रभारी महानिरीक्षकांनी जून 2022 मध्ये संरक्षणमंत्र्यांना कळवलं, की नकारांचा वेग पाहता एका अर्जाच्या वाट्याला सरासरी 12 मिनिटं येतात.

सुभेदारसाहेब, तुमचा प्रश्न निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने एकेका अर्जदाराला विचारायला हवा होता : बाबा रे, त्या दोन गोळ्या गिळल्यास, मग ही सुई का नको? कुणी म्हणाला असता, गोळ्या कशावर बनतात ते तेव्हा माहीत नव्हतं. कुणी अडखळला असता. चॅप्लेनने हे विचारलं असेलही, पण निर्णयाचं पत्र त्याआधीच तयार होतं. उत्तरं ऐकून, ती नोंदवून दिलेला नकार न्यायालयात टिकायची शक्यता कितीतरी जास्त होती.

पुढच्या वेळी नक्की 25 मार्च 2022चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश घेऊ. कुणाला कुठल्या मोहिमेवर धाडायचं, हा निर्णय न्यायालयाने त्या दिवशी नौदलाच्या हाती परत दिला. मरीन कोअरमधल्या शीख रिक्रूटांच्या दाढीचा खटलाही याच 1993च्या कायद्याखालचा. तो मला फार जवळचा वाटतो, म्हणून त्याला स्वतंत्र आठवडा ठेवला आहे.