ओला खाऊ, सुका खाऊ

जकार्तातल्या आमच्या ऑफिसात सकाळी पावणेआठला लिफ्टचं दार उघडलं की आधी वास येतो आणि मागून ताई येते. वास पांदानच्या पानांचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी डब्यात आंबेमोहोर तांदळाचा भात आहे. तो भास काही अगदीच खोटा नव्हता. आंबेमोहोर, बासमती आणि पांदान या तिघांच्या सुगंधाचं श्रेय मुख्यतः २-असिटाइल-१-पायरोलीन या एकाच संयुगाला जातं.

ताई हिशेब विभागात आहे. इथे वयाने थोड्या मोठ्या बाईला ‘म्बाक’ म्हणतात, म्हणजे ताईच. दिवसभर ती बिलं तपासते आणि पहाटे देपोकच्या घरी गोड पदार्थ करते. तीन वाजता उठायचं, वाफवायचं, डबे भरायचे आणि लोकल पकडून ऑफिस गाठायचं. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. पगार झाला की त्या वाढतात आणि महिनाअखेरीस आटतात. महिनाअखेरीला इथे ‘तांग्गाल तुआ’, म्हणजे ‘म्हातारी तारीख’ म्हणतात. त्या दिवसांत लोक डब्याऐवजी एकेक नग घेतात.

तिच्या यादीचे दोन भाग असतात: ‘कुए बासाह’ आणि ‘कुए केरिंग’. ओला खाऊ आणि सुका खाऊ. ही विभागणी तिची नाही, सगळ्या इंडोनेशियाची आहे. ओल्यात येतो क्लेपोन. चिकट तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळीत ताडगूळ भरायचा, गोळी उकळत्या पाण्यात शिजवायची आणि खोवलेल्या नारळात घोळवायची. दुसरा कुए लापिस. तांदूळ, टॅपिओका आणि नारळाचं दूध यांचा थर वाफवायचा, त्यावर दुसऱ्या रंगाचा थर ओतून पुन्हा वाफवायचा, असं करत वड्या पाडायच्या. सुक्यात येतं नास्तार, म्हणजे आटवलेल्या अननसाच्या गोळ्याभोवती लोण्याच्या पिठाचं आवरण असलेलं बिस्किट. ईदच्या दिवसांत घराघरांत त्याच्या बरण्या भरलेल्या असतात.

हे दोन शब्द किती महत्त्वाचे आहेत ते मला एका मंगळवारी कळलं. सकाळी दहाच्या मीटिंगसाठी ताईला ४५ खाऊच्या डब्यांची ऑर्डर होती. इथे मीटिंग म्हटली की प्रत्येकाच्या पुढ्यात एक छोटा पुठ्ठ्याचा डबा येतो. त्यात एक तिखटमिठाचा पदार्थ आणि दोन गोड. तिने चिकट भातात कोंबडीचं सारण भरलेला लेम्पर, क्लेपोन आणि कुए लापिस दिलं होतं. पावणेदहाला निरोप आला की मीटिंग दुपारी तीनला होणार.

“टेबलावर राहू द्या, तीनला वाटू,” मीटिंगवाले म्हणाले.

ताई नाही म्हणाली.

“मग फ्रिजमध्ये ठेवा.”

ताई पुन्हा नाही म्हणाली. ती डबे घेऊन खाली गेली आणि पहारेकरी, सफाईवाल्या मावशा, स्वागतकक्षातली मुलं अशा सगळ्यांना साडेदहाच्या आत वाटून मोकळी झाली. तीन वाजता मीटिंगला खाऊ नव्हता. बोलणी खावी लागली आणि पैसे निम्मेच मिळाले. तारीख होती म्हातारी.

दोन्ही नकार मला तेव्हा अडेलतट्टूपणाचे वाटले होते. पण दोन्हींमागे पक्कं विज्ञान आहे.

पहिला नकार टेबलाला होता. पदार्थ टिकणं हे त्यात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती आहे यावर जास्त अवलंबून असतं. आपल्या मुरांब्यात पाणी काही कमी नसतं, पण साखरेच्या रेणूंनी ते धरून ठेवलेलं असतं. सूक्ष्मजीवांना ते सहजी ओढून घेता येत नाही. ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली या गोष्टीला नेमकं माप लावलं. त्या मापाला पाण्याची क्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची क्रियाशीलता १. ती साधारण ०.९१ च्या खाली गेली की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. सुमारे ०.८० च्या खाली बहुतेक बुरशा थांबतात, आणि ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही.

नास्तारमधला अननस साखरेत घट्ट आटवलेला असतो आणि बाहेरचं आवरण भट्टीत कोरडं झालेलं असतं, म्हणून बंद बरणीत ते कित्येक आठवडे टिकतं. कुए लापिसचं तसं नाही. त्यात नारळाचं दूध आहे, स्टार्च आहे, बेताची साखर आहे, आंबटपणा नाही, आणि पाणी बरचसं मोकळं. वर जकार्ताची तिशीतली हवा. जिवाणूंना यापेक्षा चांगलं घर मिळणार नाही.

वाफेवर शिजवताना जिवाणू मरतात हे खरं. पण बॅसिलस सेरियससारख्या काहींचे बीजाणू उकळत्या तापमानातही तग धरतात आणि पदार्थ कोमट झाला की जागे होतात. काही जिवाणू वड्या कापताना सुरीवरून आणि हातांवरून येतात. अनुकूल परिस्थितीत असे जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. समजा, सकाळी सहाला एका वडीवर दहाच जिवाणू आहेत. दहा वाजेपर्यंत ते बारा वेळा दुप्पट झाले तर सुमारे ४१ हजार होतील. तीन वाजेपर्यंत सत्तावीस वेळा झाले तर १३४ कोटी! प्रत्यक्षात सुरुवात संथ असते आणि वेगही इतका सरळ राहत नाही. पण या वाढीचा स्वभाव असाच आहे: बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटतं आणि शेवटच्या काही तासांत सगळं घडतं. दहाची मीटिंग आणि तीनची मीटिंग यांत घड्याळात पाच तासांचं अंतर आहे, पण वडीच्या दृष्टीने तो पदार्थच वेगळा आहे. बिघडलेल्या पदार्थाला इथे ‘बासी’ म्हणतात. आपल्या कानांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

ताईच्या स्वयंपाकघरातल्या बारीकसारीक सवयी या मोकळ्या पाण्याविरुद्धच आहेत. ती मोदकपात्रासारख्या भांड्याच्या झाकणाला फडकं गुंडाळते, म्हणजे वाफेचं पाणी थरांवर ठिबकत नाही. डब्याचं झाकण पदार्थ निवल्याशिवाय लावत नाही, कारण आत साचलेली वाफ पृष्ठभाग ओला करते. आणि क्लेपोनवरचा नारळ ती कच्चा वापरत नाही. चिमूटभर मीठ घालून आधी वाफवून घेते.

दुसरा नकार फ्रिजला होता. तो मला जास्त मजेशीर वाटतो. थंडीत जिवाणूंची वाढ मंदावते, मग अडचण काय? अडचण आहे स्टार्चची. पीठ शिजतं तेव्हा स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मूळची घट्ट रचना मोडते. म्हणून पदार्थ मऊ लागतो. निवल्यावर हे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून रांगेत बसू लागतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. पदार्थ कडक आणि रवाळ होतो. ही क्रिया सर्वांत वेगाने होते शून्य अंशाच्या थोडंसं वर, म्हणजे नेमकी फ्रिजमध्ये.

स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन. सरळ साखळ्या काही तासांतच रांगेत बसतात, फांद्यांना जास्त वेळ लागतो. चिकट तांदळात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिनच असतं, त्यामुळे बाहेर ठेवलेला क्लेपोन दुपारपर्यंत मऊ राहतो. साध्या तांदळात अमायलोज बरंच असतं, म्हणून आपले उकडीचे मोदक संध्याकाळपर्यंत तडकतात आणि फ्रिजमधून काढले तर दगड होतात. पुन्हा पाच-सात मिनिटं वाफवले की बरेचसे मऊ होतात, कारण उष्णतेने त्या रांगा बऱ्याच अंशी मोडतात. ऑफिसात मात्र वाफवायला भांडं कुठून आणणार?

थोडक्यात, ओल्या खाऊला बाहेर ठेवलं तर जिवाणू आणि आत ठेवलं तर स्टार्च. त्याची खरी जागा पोटातच, आणि तीही वेळेत. ताईने तेच केलं होतं.

हे सगळं मी एका जेवणाच्या सुट्टीत कागदावर आकडे मांडून तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणून तर आजी त्याला ओला खाऊ म्हणायची ना!” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ताई ऑर्डर घेताना एक प्रश्न जास्त विचारते: मीटिंग पुढे ढकलली जाऊ शकते का? उत्तर अडखळत आलं तर डब्यात सुका खाऊ जातो. निम्मे पैसे पुन्हा बुडालेले नाहीत.

आपण परदेशात राहणारे लोक मोदक, पातोळ्या, नारळाच्या दुधाची खीर असं सगळं डब्यांत भरून मंडळाच्या कार्यक्रमाला नेतो आणि आरती, भाषणं, नाटुकली होईपर्यंत ते टेबलावर राहतं. अमेरिकेतली सरकारी शिफारस सांगते की असे लवकर खराब होणारे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. शक्य असेल तर मोदक कार्यक्रमाच्या जागीच वाफवावेत, आणि भाषणं खाऊनंतर ठेवावीत.

गेल्या गणपतीत मी घरचे अकरा मोदक ऑफिसात नेले. ताईने डबा उघडला, वास घेतला, एक मोदक कळीला धरून उचलला. ताडगुळाऐवजी गूळ आहे म्हटल्यावर हसली. इथे साखरेला ‘गुला’ म्हणतात, आणि हा शब्द संस्कृतातल्या ‘गुड’वरून, म्हणजे आपल्या गुळाच्याच घराण्यातून आलेला आहे. मला वाटलं, आता चवीबद्दल काहीतरी बोलेल.

तिने विचारलं, “किती वाजता उकडलेत?”