बांध कोरला, कुंपण सरकलं

सारंगखेड्याच्या तापीकाठी काय किंवा आणखी कुठे काय, शेजारी एकदम एकरभर बळकावत नाही. नांगरटीगणिक वीतभर बांध कोरला जातो आणि एक दिवस तारेचे खांब आपल्या सरीत उभे दिसतात. सातबारा नाचवून उपयोग नाही. त्यावर क्षेत्र असतं, हद्द नकाशात. शहाद्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून ‘हद्द कायम’ मोजणी मागावी. भूकरमापक लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन येतो, खुणा दाखवतो, मग ‘क’ प्रत मिळते. त्या दिवशी रुसून घरी बसू नये.

कब्जा नुकताच हिसकावला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. दोघंही एकमेकांची जमीन किमान १२ वर्षं कसत असतील, तर २०२३ची सलोखा योजना आहे: मुद्रांक १,००० आणि नोंदणी १,००० रुपयांत अदलाबदलीचा दस्त. वकिलाची पहिली फीसुद्धा याहून जड जाते.