तीस इंची टेबल आणि इतर समजुती

नांदेडच्या नव्या मोंढ्यातली आडत घ्या, लातूरचं एमएस-सीआयटी केंद्र घ्या नाहीतर तहसीलसमोरचं सेतू केंद्र; संगणकाचं टेबल बहुधा तीस इंच उंचीचंच असतं. सुताराच्या लेखी हीच ‘स्टँडर्ड साइज’. पण ती कागदावर लिहिण्याच्या टेबलाची. कीबोर्ड चालवताना खांदे सैल आणि कोपरापुढचे हात साधारण आडवे राहायला हवेत. पाच फूट उंचीची ऑपरेटर पाय टेकवून बसली की तिचं कोपर जमिनीपासून २३-२४ इंचांवर येतं. म्हणजे टेबल अर्धा फूट जास्त उंच. दिवसभर खांदे चढवून दाखले टाइप करायचे आणि संध्याकाळी मान धरली की दोष द्यायचा खुर्चीला!

भारी खुर्ची घेतली की दुखणं थांबेल, ही समजूत इथूनच येते. खुर्ची वर केली तर कोपर टेबलाला जुळतं, पण पाय लोंबकळतात आणि मांडीची मागची बाजू दबते. मग पायाखाली पाट लागतो. उरल्यासुरल्या प्लायवूडमधून तो सहज होतो, तरी खुर्चीवर हजारो खर्चणारे मालक तेवढाच विसरतात. काटकोनात ताठ बसणं हेही काही ब्रह्मवाक्य नव्हे. कमरेला आधार देऊन थोडं मागे रेललेलं बरं, आणि अधूनमधून बैठक बदलणं त्याहून बरं. दिवसभर उभं राहून काम केल्याने तरी काय साधतं? पाय सुजतात.

‘सरासरी मापाचं एक टेबल सगळ्यांना चालतं’ हा समज अमेरिकन हवाई दलाचाही होता. १९५० च्या सुमारास तिथे चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी दहा मापं तपासली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. भारतीय शरीरमापांवरचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली काढलं. कारखान्यांनी ते कितपत उघडलं, हे बाजारातलं फर्निचर पाहून ओळखावं. एमएस-सीआयटीच्या वर्गात तर एकाच जागेवर सकाळी दहावीची मुलगी बसते आणि दुपारी पन्नाशीचे गुरुजी. तिथे टेबल वरखाली होणं ही चैन म्हणता येणार नाही.

आता ‘मॉड्युलर’. हा शब्द ऐकला की लोकांना चकचकीत सनमायका आणि शोरूमचं बिल दिसतं. खरं तर सुटे भाग असावेत, ते बदलता यावेत, हलवता यावेत, एवढंच त्यात आहे. किराणा दुकानाच्या रॅकला वापरतात तो भोकांचा स्लॉटेड अँगल यासाठी उत्तम. नट-बोल्ट काढले की फळी खाली-वर घेता येते. मागे तिरकी पट्टी मात्र मारायलाच हवी, नाहीतर टाइप करताना टेबल डुलतं. बहुतेक मॉनिटरच्या मागे चार भोकं असतात, ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात. कंपनी कुठलीही असो, त्या मापाचा फिरता हात तिथे बसतो. सेतू केंद्रात त्याचा मोठा उपयोग: पडदा अर्जदाराकडे वळवून नावातली वेलांटी प्रिंटआधीच तपासता येते. आणि टेबलाचे पाय बदलते ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. बुटक्या ऑपरेटरला जाचणारी उंची व्हीलचेअरवरच्या माणसाला लागते; त्याचे गुडघे टेबलाखाली जायला हवेत.

गादीवर बसून संगणक चालवणं गावंढळ, असं नव्या पिढीच्या आडत्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. मुनीम पिढ्यान्‌पिढ्या उतरत्या डेस्कवर वह्या लिहीत आले. कीबोर्डसाठी मात्र डेस्क सपाट आणि मांडीला लागूनच हवं, आणि पडदा वेगळ्या स्टँडवर डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. वजनकाट्याकडे उठबस होतेच, त्यामुळे बैठकही बदलत राहते. गुडघे कुरकुरू लागले की खुर्ची गाठावी.

लातूरच्या अभ्यासिकांमधल्या पोरांचं दुखणं लॅपटॉप. तो कुठेही नेता येतो, म्हणून कुठेही सोयीचा असतो असं नाही. पडदा आणि कळा जोडलेल्या, त्यामुळे पडदा उचलला तर मनगट दुखतं आणि खाली ठेवला तर मान. जाड पुस्तकांवर लॅपटॉप आणि समोर सुटा कीबोर्ड, एवढं पुरतं.

मोंढ्यात मात्र माणसाइतकीच काळजी यंत्राची. सोयाबीनच्या हंगामात भुसा उडतो, म्हणून सीपीयू बंद कपाटात कोंडतात. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की आतली गरम हवा बाहेर पडत नाही आणि यंत्र आपणहून बंद पडतं. सीपीयू जमिनीपासून फूट-दीड फूट वर टांगावा, मागची बाजू उघडी ठेवावी आणि हवा ओढणाऱ्या तोंडाला काढून झटकता येईल अशी जाळी लावावी. हंगामात ती जाळी रोज झटकावी लागते.