गॅसच्या भट्टीचे अस्तर

कोटाला आतून अस्तर असते. तसे भट्टीलाही असते. कोळशाच्या भट्टीत त्याचा फार विचार करावा लागत नाही, कारण लोखंड निखाऱ्यांतच पुरलेले असते. गॅसच्या भट्टीची गोष्ट वेगळी. तिथे निखारा नाही. जाळ आत येतो आणि तोंडातून निघून जातो. त्या जाळाने आतली भिंत तापून लालपिवळी होते, आणि ती भिंत लोखंडाला आच देते. म्हणून घरी भट्टी करणाऱ्याने आधी अस्तराचा विचार करावा, बर्नरचा मागून.

आच किती लागते, ते पाहू. पाणी १०० अंशांवर उकळते. लोखंड ठोकायला १,००० ते १,२०० अंश आच लागते. दोन तुकडे तापवून एकजीव करायचे तर १,३०० च्या आसपास. एवढ्या आचेत घरात सापडणारी कोणतीच वस्तू टिकत नाही. पुष्कळ लोक सिमेंटचा गिलावा करतात. सिमेंट पाण्याने धरते आणि आचेने ते पाणी उडून जाते, मग गिलावा भुगा होऊन पडतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचेही तेच. घराच्या साध्या विटा काही दिवस चालतात, मग तडकतात. वीटभट्टीत जास्त आच लागलेल्या विटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. नदीचा गोटा तर कधीच घालू नये. त्याच्या पोटात पाणी असते. त्याची वाफ झाली की गोटा फुटतो आणि कपच्या डोळ्यांत जातात.

मग घ्यायचे काय? बाजारात तीन वस्तू मिळतात.

पहिली, फायर ब्रिक, म्हणजे भट्टीची जड वीट. कारखान्यांच्या बॉयलरांत हीच लावतात. ती आगीला भीत नाही, घाव सोसते. पण ती आच पिते. एक वीट साधारण साडेतीन किलोची. अशा आठ विटांची भट्टी केली, तर आधी अठ्ठावीस किलो वीट तापणार आणि मग तुमचा विळा! तेवढा गॅस फुकट गेला. दिवसभर सलग काम असेल तर चालेल. दोन कोयत्यांना धार धरण्यापुरती भट्टी पेटवणाऱ्याला ती परवडत नाही.

दुसरी, हलकी वीट. हिच्या अंगात बारीक बारीक भोके असतात. भोकांत हवा कोंडलेली असते, म्हणून आच बाहेर जात नाही. गोधडी ऊब धरते ती अशीच. ही वीट हातकरवतीने कापता येते. पण नाजूक आहे. एकदम तापवली, एकदम निववली की तडे जातात.

तिसरी, सिरॅमिक वूल. दिसते पांढऱ्या लोकरीसारखी, गादीसारखी गुंडाळी येते. १,२६० अंशांची म्हणून विकतात ती घ्यावी. ग्लासवूल तशीच दिसते, पण ती या आचेत वितळून जाते. विकत घेताना फसू नका. सिरॅमिक वुलाची भट्टी काही मिनिटांत तापते, गॅस वाचतो. म्हणून आमचे मत हिच्याच बाजूचे आहे.

पण हिच्यात दोन खोडी आहेत, आणि पहिली जिवाची आहे. हिचे तंतू फार बारीक. हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर छातीत जाऊन बसतात. त्यांनी कर्करोग होऊ शकतो, असा डॉक्टरांना संशय आहे. फार तापलेली जुनी लोकर तर आणखी वाईट. म्हणून उघडी लोकर भट्टीत कधी ठेवू नये. कापताना एन-९५ मास्क लावावा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पोराबाळांना लांब ठेवावे. नुसते फडके तोंडाला बांधून भागत नाही. ॲस्बेस्टॉसचा तर विचारही करू नये.

दुसरी खोड टाकणखाराची. लोखंड जोडताना लोहार टाकणखार टाकतात. तो तापला की काकवीसारखा पातळ होतो. लोकरीवर पडला, की गरम पाण्यात साखर विरघळावी तशी लोकर विरघळते, आणि तळाला भोक!

दोन्हींवर उपाय एकच. लोकर मागे ठेवायची, पुढे कठीण लेप द्यायचा. हा लेप भट्टीच्या सिमेंटचा. दुकानात त्याला कास्टेबल म्हणतात. १,५०० अंशांच्या पुढचा मागावा. घराचे सिमेंट निराळे, हे निराळे.

हिशेब असा. आतून १० इंच रुंद लोखंडी नळकांडे घेतले. ते जस्ताचा मुलामा नसलेले असावे, कारण जस्ताचा धूर बाधतो. आत एक इंची लोकरीचे दोन थर बसवले. दोन्ही बाजूंचे मिळून ४ इंच गेले, उरले ६. वर अर्ध्या इंचाचा लेप, म्हणजे आणखी एक इंच गेला. राहिले ५ इंच. विळे, कोयते, कुऱ्हाडी यांना एवढे पुरे. टाकणखाराचे काम करणाऱ्याने तळाला जड विटेची एक पातळ फरशी ठेवावी. झिजली की बदलता येते.

लेप दिल्यावर घाई नको. एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा, पुढे चार-पाच दिवस सावलीत वाळू द्यावा. मग बारीक जाळ करून विझवावा. निवला की थोडा मोठा करावा. असे चार-पाच वेळा करावे. आत पाणी राहिले आणि एकदम आच लागली, तर वाफेने लेपाचे पापुद्रे उडतात.

पहिला जाळ उघड्यावरच करा. नंतरही बंद खोलीत भट्टी लावू नये. अर्धवट जळलेल्या गॅसातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही.

लेपाला बारीक चीर गेली तर त्याच मालाने बुजवावी. लोकर उघडी पडली तर भट्टी बंद ठेवून आधी लेप द्यावा. जुनी लोकर काढायची वेळ आली, की मास्क लावून, पाणी शिंपडून, ओली करूनच काढावी आणि पिशवीत बांधून ठेवावी. कोरडी झटकू नये.